सूर्य देतो, सूर्यच नेतो

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली तेव्हापासून माझा शॉर्टवेव्हचा रेडिओ दिवसा बंद असतो. वीजबिल उतरलं, सगळे खूश. इन्व्हर्टर मात्र सूर्याबरोबर उठतो आणि शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात अशी घरघर ओततो की संगणकाच्या पडद्यावरचा वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल दाखवणारा सरकता आलेख, मावळतीपर्यंत पिवळाधमक राहतो. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘काका, आता मोबाईलवर जगभरचे रेडिओ ऐकू येतात की!’ हे उत्तर माझ्या ओळखीचं आहे. पूर्वी त्यात मोबाईलच्या जागी इंटरनेट असायचं.

शॉर्टवेव्हवरचे सांकेतिक सिग्नल संगणकावर उलगडायचे, हा माझा छंद. त्यातल्या नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डॉसवर चालणारे हॅमकॉम आणि जेव्हीफॅक्स हे प्रोग्रॅम होते, सीरियल पोर्टला 741 आयसीचं छोटं सर्किट जोडलं की काम भागायचं. पण संगणक ऑफिसात आणि रेडिओ घरी, आणि वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर शॉर्टवेव्ह सोडून उपग्रहाकडे निघालेले. आपण पोचेपर्यंत पंगत उठली होती.

खरी मजा आली 2005 नंतरच्या दहा वर्षांत. घराघरांत संगणक आला, त्यात साउंड कार्ड आलं आणि वेगळ्या डिकोडर पेटीची गरजच संपली. रेडिओचा लाइन-आउट साउंड कार्डाला जोडायचा, एवढंच. मधे 50 हर्ट्झची गुणगुण येऊ नये म्हणून बारका ट्रान्सफॉर्मर लागायचा. तो जुन्या डायल-अप मोडेममधून फुकट मिळे. ब्रॉडबँड आल्यावर नाशिकच्या एमजी रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांकडे त्या मोडेमांचे ढीग पडलेले असत.

त्यात महावितरणचं भारनियमन. लोक शिव्या देत होते, आणि आम्ही चार हौशी मंडळी वेळापत्रक बघून बसायचो. गल्लीतली वीज गेली की टीव्ही, चोक, चार्जर सगळे गप्प. लॅपटॉप बॅटरीवर, रेडिओ सेलवर, गच्चीत तार. शेजारच्या स्वस्त इन्व्हर्टरने खोडा घातला नाही, तर जे ऐकू यायचं ते आज सांगून पटणार नाही. 10100.8 किलोहर्ट्झवर जर्मन हवामान खात्याचा 50 बॉडचा आरटीटीवाय (रेडिओ टेलिप्रिंटर) मजकूर एकेक अक्षर करत पडद्यावर उतरायचा. हवामानाचे फॅक्स नकाशे मिनिटाला 120 ओळींच्या चालीने उमटायचे, आणि साउंड कार्डाचं घड्याळ जरा चुकलं की अख्खा हिंदी महासागर तिरका व्हायचा. 14.230 मेगाहर्ट्झवर जपानी माकोतो मोरी यांचं एमएमएसएसटीव्ही हे रेडिओवरून चित्रं उतरवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं की दोनेक मिनिटांत कुणा रशियन माणसाच्या मांजराचं चित्र तयार.

आणि पीएसके31. पीटर मार्टिनेझ या इंग्रज हॅमने, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याने, नव्वदच्या दशकाअखेरीस लोकांपुढे ठेवलेली ही पद्धत टंकलेखनाच्या वेगाने चालायची. 14.070 च्या आसपास वॉटरफॉलवर बारीक रेघा दिसत. रेघेवर क्लिक केलं की माणूस बोलायला लागे: हवा कशी आहे, गुडघा दुखतोय, नातू झाला. मी नुसता ऐकणारा, पण ती वाक्यं वाचायला मिळत होती.

याच काळातलं एक प्रकरण मला अजून बोचतं. जानेवारी 2009 मध्ये आकाशवाणीने दिल्लीजवळच्या खामपूरहून 250 किलोवॅटच्या प्रक्षेपकावर डीआरएम, म्हणजे डिजिटल शॉर्टवेव्ह, सुरू केलं. ते उलगडायला डार्मस्टाटच्या तंत्र विद्यापीठात फोल्कर फिशर आणि अलेक्झांडर कुर्पियर्स यांनी लिहिलेलं ‘ड्रीम’ होतं, तेही फुकट. रेडिओ उघडून आतला 455 किलोहर्ट्झचा सिग्नल मिक्सर लावून 12 किलोहर्ट्झवर उतरवायचा आणि साउंड कार्डात सोडायचा. पडद्यावरचे दिवे लाल, पिवळे करत शेवटी हिरवे झाले की खरखरीच्या जागी एकदम एफएमसारखा स्वच्छ आवाज. वाटलं, आता घरोघरी हे होणार.

झालं काय? पुढे मध्यमलहरींचे पस्तीसच्या आसपास प्रक्षेपक डीआरएमसाठी उभे राहिले, आणि दुकानात रिसीव्हर मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघे. यथावकाश तो कारखान्यातूनच मोटारींमध्ये बसून आला. नवी गाडी घेणाऱ्याला डिजिटल आकाशवाणी मिळाली. दिंडोरी-निफाडच्या मळ्यात ट्रान्झिस्टर टांगणाऱ्याच्या हाती काही आलं नाही. आधी मनोरे आणि मग श्रोता, हा क्रम कुणी ठरवला त्याला एकदा भेटायचं आहे.

हॅम मंडळींकडे 2017 मध्ये एफटी8 ही नवी डिजिटल पद्धत आली. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांचं हे काम, बुद्धीला तोड नाही. खरखरीच्या वीस डेसिबल खाली बुडालेला सिग्नलही पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत वाचता येतो. पण त्यात मावतं किती? नाव-खूण, सिग्नलचा आकडा आणि जगाच्या नकाशावरचा चौकोन. (गंमत म्हणजे 20 अक्षांशाची रेषा नाशिकमधूनच जाते, पंचवटी एमएल60 चौकोनात, नाशिक रोड एमके69 मध्ये.) माऊस हलवायचा, यादी वाढवायची. 14.070 ओस पडलं. गुडघेदुखी आता कुणी कळवत नाही. माझा राग वेगळाच आहे: गोंगाटाखालचं ऐकणारं सॉफ्टवेअर मिळाल्यावर गोंगाट कमी करा म्हणणारे हॅमसुद्धा थंडावले.

मग बाकीची वर्षं भराभर गेली. 31 जानेवारी 2020 ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण संपलं. तरुण मुलं नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून फिरवतात आणि तिथला सिग्नल नाशिकमध्ये डिकोड करतात. करोत बापडी, पण तिथे आपल्या आकाशात काय येतंय ते कळत नाही. 2008-09 मध्ये सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते, म्हणजे लांबचे सिग्नल अशक्त, तरी आम्ही ऐकलं. 2024 च्या सुमारास सूर्यचक्राचा कळस आला, मागच्या कळसापेक्षा जोरदार. लांबचे सिग्नल वरून धो धो येत होते, आणि खाली त्याच सूर्यावर चालणारे इन्व्हर्टर ते बुजवत होते.

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. नाशिकच्या सोसायट्यांना विनंती एवढीच, की इन्व्हर्टरची दरपत्रकं मागवताना रेडिओ-व्यत्ययाच्या चाचणीचं प्रमाणपत्रही मागा आणि पॅनेलच्या तारांवर फेराइटच्या कड्या घालून घ्या. पॅनेलच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.