वार्धक्याच्या माथी मारलेला दोष

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या निःशंकपणे उच्चारली जाते की, वडीलधाऱ्यांच्या विस्मरणाची खातरजमा करून घ्यावी असे कोणास वाटतच नाही. वस्तुतः वयोमानाने बुद्धी सरसकट क्षीण होत नाही. अपरिचित प्रश्नाची तत्क्षणी उकल करणारी बुद्धी प्रौढपणीच मंदावू लागते हे खरे. परंतु शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान आणि व्यासंग यांच्या रूपाने साचलेली बुद्धी सत्तरीतही बहुधा शाबूत असते.

याहून घातक समज असा की, अल्झायमरचा आरंभ स्मृतिभ्रंशाबरोबरच होतो. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथे ज्या विकृतीचे वर्णन केले, ती तेव्हा मृत्यूनंतरच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत असे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी सिद्ध केलेल्या किरणोत्सारी द्रव्यामुळे जिवंत मेंदूतील अमिलॉइड प्रथिनाचे साठे दिसू शकतात, हे २००४ साली प्रसिद्ध झाले; आणि पुढे असे आढळले की, हे साठे लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून जमू लागतात, व निरोगी म्हणून गणल्या गेलेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्क्यांच्या मेंदूत ते असतात. साठे असलेले व नसलेले यांच्यातील भेद एकाच चाचणीत जवळजवळ जाणवत नाही. मात्र तीच चाचणी वर्षानुवर्षे घेतली असता साठे असलेल्यांची स्मृती इतरांपेक्षा किंचित वेगाने उतरताना दिसते. म्हणजे ‘वयाची स्वाभाविक घसरण’ म्हणून आपण जी सरासरी प्रमाण मानतो, तिच्यात अव्यक्त रोगाचाही हिस्सा मिसळलेला असतो, आणि वार्धक्य विनाकारण बदनाम होते. अर्थात साठे असलेल्या प्रत्येकास स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. बुद्धीच्या ऱ्हासाशी टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा संबंध अधिक निकटचा आहे.

विद्वानांस हा रोग होत नाही, हेही असत्य. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेत आरंभिलेल्या, ६७८ जोगिणींच्या अभ्यासात एक शिक्षिका अशी निघाली की, एकशे एकाव्या वर्षी देह ठेवीपर्यंत तिचे चाचण्यांतील गुण उत्तम होते, आणि तरीही तिच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल होत्या. शिक्षण रोगाला अटकाव करीलच असे नाही, पण त्याची लक्षणे ते दीर्घकाळ झाकून ठेवू शकते. आणि ती एकदा उघड झाली की अशा माणसाचा ऱ्हास पुष्कळदा अधिक वेगाने होतो. म्हणूनच निवृत्त प्राध्यापकाचे गुण सर्वसाधारण सरासरीइतके भरले, यात समाधान मानणे मला धोक्याचे वाटते, कारण त्याची तुलना इतरांशी नव्हे, दहा वर्षांपूर्वीच्या त्याच्या स्वतःशीच व्हावयास हवी. तो पूर्वी हिशेब कसे ठेवी, नवे यंत्र किती दिवसांत शिके, हा तपशील घरच्यांनी डॉक्टरांस आवर्जून सांगावा. आणि ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉइडचा विकार, औदासीन्य, बहिरेपणा ही उपचारसाध्य कारणे तपासून घेण्याचा आग्रह धरावा.