सोमवारी सोडली, बुधवारी धरली!

चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, बाबा दर सोमवारी तंबाखू सोडतात आणि बुधवारी पुडी आणायला मलाच पाठवतात. ते खोटं बोलतात का हो?"

नाही रे. सोमवारी ते अगदी खरं बोलतात. (पण २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही, हे पालकांनी जरूर वाचावं!)

मुलांनो, मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. त्या रसायनांसाठी पेशींवर जणू कुलपंच असतात. तंबाखूतलं निकोटिन म्हणजे त्यातल्या काही कुलपांना बसणारी बनावट किल्ली. ती फिरली की डोपामिन सुटतं आणि मेंदू नोंद करतो, 'हे पुन्हा हवं!' विडीच्या धुरातून ही किल्ली १०-२० सेकंदांत मेंदूत पोचते. गालातल्या बाराला आणि आजीच्या मिश्रीला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

रोज किल्ली फिरू लागली, की मेंदू अशी कुलपं वाढवतो. मग पुडी नाही मिळाली की ती सगळी रिकामी राहतात. चिडचिड होते, डोकं दुखतं, कशात लक्ष लागत नाही. बाबांचा बुधवार तो हाच.

सोडल्यावरचा पहिला आठवडा सर्वांत अवघड. जादा कुलपं मात्र साधारण ६ ते १२ आठवड्यांत कमी होतात. मदतीला १८००-११-२३५६ हा विनाशुल्क फोनही आहे.

त्या मुलाने तो क्रमांक गणिताच्या वहीमागे लिहून घेतला. वर लिहिलं, 'मंगळवारी लावणे.'