सूर्यावरचं सीएसएमटी–ठाणे

सीएसएमटीहून ठाणे ३४ किलोमीटर. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली ती एवढंच अंतर. जानेवारी २०२० मध्ये हवाई बेटांवरच्या इनोए दुर्बिणीची पहिली चित्रं आली, तेव्हा पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यावर जवळपास एवढ्याच, ३० किलोमीटरच्या खुणा ओळखता येऊ लागल्या.

इथवर यायला शतक लागलं. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी सौरडागांच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगलेल्या पाहिल्या आणि डागांत चुंबकत्व असल्याचं दाखवून दिलं. पण डाग म्हणजे बडी मंडळी; एकेकात अख्खी पृथ्वी मावते. किरकोळ चुंबकीय ठिपक्यांची दखल घेतली गेली ती १९६० नंतर. सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे ३० हजार किलोमीटर रुंदीचे कप्पे असतात. त्यांतला वायू मधून कडांकडे वाहतो आणि ठिपक्यांनाही कडेला लोटतो. तिथे सजातीय ध्रुव भेटले तर एकजीव होतात, विजातीय भेटले तर दोघेही नाहीसे होतात. १९७३ मध्ये हार्वे आणि मार्टिन यांनी जेमतेम दिवसभर जगणाऱ्या, विजातीय ध्रुवांच्या छोट्या जोड्या नोंदवल्या.

एक कोडं मात्र छळत राहिलं. ध्रुव जोडीने जन्मतात, मग चित्रांत एकटाच कसा उगवतो?

सकाळी साडेसातला डोंबिवलीच्या पुलाच्या टोकावरून फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाकडे पाहा. सुटी माणसं नजरेत येत नाहीत. लोकल शिरताना ती डब्यांच्या दारांच्या अंदाजाने गोळा झाली, की घोळके दिसतात, जणू आत्ताच उगवलेले. २००८ मध्ये लॅम्ब, डीफॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी सोहो यानाची चित्रं तपासून तसंच म्हटलं: विखुरलेलं, दुर्बिणीला न दिसणारं क्षेत्र एकवटतं, तेव्हा कुठे ठिपका दिसतो.

शांत सूर्यावरचे ठिपके किती वेळात पूर्ण नवे होतात? १९९८ च्या सुमाराचा अंदाज ४० तास; २००१ मध्ये तो १४ तासांवर आला. सूर्य तोच, चष्मा नवा.

६ जानेवारी २०२४ ला सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या एल१ बिंदूपाशी पोचलेल्या भारताच्या आदित्य यानावर पुण्याच्या आयुका संस्थेने साकारलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. ती चुंबकत्व थेट मोजत नाही, अतिनील प्रकाशात त्याच्या उजळ खुणा टिपते. तिच्या चित्रातला एक बिंदू सूर्यावरचे सुमारे ५०० किलोमीटर व्यापतो. कल्याण ते भुसावळ त्यात सहज गडप होईल. पण अख्खा सूर्य ती एकाच चौकटीत पाहते.