सरकारची वही कोण वाचतो?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून फराळाच्या ताटाला हात लावायचा नाही, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. हा लेख वाचकांनी त्या कारिटासारखा मानावा. कथा, कविता आणि वार्षिक राशिभविष्य पुढे आहेच. तत्पूर्वी सरकारी जमाखर्चाचा हा एवढा थेंब.

ज्या घरात महिन्याचा पगार येतो, त्या घरातल्या मंडळींनी पगाराचा कागद एकदा बाहेर काढावा. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ सापडेल. ठरावीक मर्यादेपुढच्या पगारदाराचे महिन्याला २०० रुपये जातात आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. वर्षाची बेरीज २५०० रुपये. फेब्रुवारीचे दिवस कमी, पगार तेवढाच आणि कर मात्र जास्त, हे कोडे आमच्या स्टाफरूममध्ये दर वर्षी नव्याने चर्चेला येते. राज्यघटनेने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्या आकड्याला टेकण्यासाठी उरलेले शंभर वर्षअखेरीस घेतात, इतकेच त्याचे रहस्य आहे.

हा कर कशासाठी आला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. शहरात नोकरी करणाऱ्याने खेड्यात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावावा, या विचाराने महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजनेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते वि. स. पागे त्या काळात विधान परिषदेचे सभापती होते. कराच्या रूपाने जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्याकडून घालावी, असे ठरले. म्हणजे वाचकहो, पुण्यामुंबईचा कारकून आणि धाराशिव जिल्ह्यातला मजूर यांच्यामध्ये एक कायदेशीर नाते आहे. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते, एवढेच.

आता प्रश्न असा, की कारकुनाचे ते पैसे मजुराच्या हाती पडले की नाहीत, हे पाहतो कोण?

‘आमदार’ हे उत्तर बरोबर आहे, पण आमदाराने ते सभागृहात पाहावे अशी कोणाची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात खात्यांच्या मागण्या चर्चेला येतात. काहींवर बोलणे होते. उरलेल्या साऱ्या मागण्या शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी चर्चेवाचून मताला टाकतात. संसदीय भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत माणसांची डोकी उडवणाऱ्या यंत्राचे हे नाव ज्याने इथे योजले, त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. हजारो कोटी रुपये, घरात दूधवाल्याचे बिल तपासायला लागतो त्याहून कमी वेळात मंजूर होऊन जातात.

खरी तपासणी होते ती समित्यांच्या खोलीत. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायती राज समिती, रोजगार हमी योजना समिती ही नावे वर्तमानपत्रात कधीतरी आतल्या पानावर दिसतात. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे मला यातली ‘आश्वासन समिती’ विशेष आवडते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली वचने पुरी झाली की नाहीत हे पाहण्यासाठी स्वतंत्र समिती लागावी, यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही.

लोकलेखा समितीचे काम असे चालते. वर्ष संपले की भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांची माणसे सरकारी दप्तर तपासतात. त्यांचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधानमंडळापुढे ठेवला जातो. त्यातल्या आक्षेपांवर समिती खात्याला प्रश्न पाठवते, उत्तरे मागवते आणि मग खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते. इथे मंत्री नसतो, भाषण नसते, बाके वाजवणे नसते. एक आमदार विचारतो, “अनुदान दिले, त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कुठे आहे?” सचिव म्हणतात, “माहिती घेऊन सादर करतो.” आमदार विचारतो, “ते तर तुम्ही मागच्या खेपेलाही म्हणाला होता.” एवढ्या दोन वाक्यांवर सारा खेळ आहे. मागच्या खेपेला सचिव काय म्हणाले होते हे लक्षात ठेवणारा आमदार समितीत असला, तर ती समिती. नसला, तर चहाबिस्किटे.

आणि हे लक्षात ठेवण्याबद्दल त्याला एकही मत जादा मिळत नाही. बैठका बंद दाराआड होतात. अहवाल पटलावर ठेवला जातो तोवर मूळ खर्चाला कित्येकदा बरीच वर्षे उलटलेली असतात, रस्ता पुन्हा उखडलेला असतो, अधिकारी निवृत्त झालेला असतो. गावात कमान बांधून दिली तर तिच्यावर आमदाराचे नाव येते. वाया जाणारे चार कोटी वाचवले तर त्याची कमान कुठे उभी करणार?

या कामात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले विलायतेला गेले, तेव्हा ते अवघ्या तिशीचे होते. पुढे १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात तिजोरीतली शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नसून दुष्काळातल्या प्रजेकडून जास्त कर वसूल केल्याचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. त्या काळी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. गोखल्यांच्या हाती फक्त आकडे होते. ते जुळवण्यात ज्यांनी त्यांना मदत केली ते गणेश व्यंकटेश जोशी सोलापुरात हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. शाळामास्तराने रात्री बसून साम्राज्याच्या खतावणीतल्या बेरजा तपासाव्यात, याचा आम्हा मास्तरमंडळींना अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

१९२१ साली केंद्रात लोकलेखा समिती आली, परंतु तिचा अध्यक्ष सरकारचाच अर्थसदस्य असे. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्यानेच कोठीची मोजदाद करायची! ही सोय राज्यघटना येईपर्यंत चालली. घटना समितीत ३० मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी महालेखापरीक्षकाचे पद हे घटनेतले बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याचे कर्तव्य न्यायाधीशांच्या कर्तव्याहूनही मोठे मानले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे ते मत होते. १९६७ पासून लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. मिनू मसानी हे त्यातले पहिले.

हे झाले दिल्ली-मुंबईचे. समिती खाली गावात आली म्हणजे काय होते, ते मला अणदूरला कळले.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे मोठे गाव. १९८० साली विधानसभेवर निवडून गेलेले आलुरे गुरुजी इथलेच. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे अनेकदा आमदार आणि राज्याचे मंत्री झालेले मधुकरराव चव्हाण हेही इथलेच. माझे मामेसासरे या गावी राहतात. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत त्यांनी हिशेब शाखेत तीस वर्षे काढली. त्यांचे बोलणे आकड्यांनी सुरू होते आणि आकड्यांनी संपते.

“जावईबापू,” ते मला म्हणाले, “पंचायती राज समिती येणार असं कळलं, की आमच्या हापिसात लगीनघाई. दहा-दहा वर्षांचे ऑडिट पॅरे निकाली काढायला माणसं रात्री बसायची. एरवी न सापडणारी व्हाउचरं सापडायची. शाळेच्या भिंतींना रंग लागायचा. मी म्हणायचो, समितीनं दरसाल यावं. भले काही न तपासता परत जावं.”

“मग तपासणी खरी की देखावा?” मी विचारले.

“ते येणाऱ्यावर. एक आमदार आले होते. सगळे जेवायला उठले, हे उठेनात. हजेरीपट मागवला आणि नुसते अंगठे बघत बसले. एकाच अंगठ्याचे बारा ठसे निघाले. मग जेवले.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “आणि काही असे यायचे, की त्यांच्या जेवणाचीच फाईल आम्हाला जास्त जपावी लागायची.”

त्यांचे हे वाक्य मला २०२५ च्या मे महिन्यात आठवले. धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीतून सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड जप्त झाली आणि त्याच दिवसांत विधानमंडळाची अंदाज समिती त्या जिल्ह्याच्या दौऱ्यावर होती. आरोप झाले, ते नाकारले गेले, विशेष तपास पथकाची घोषणा झाली. पैसा कोणाचा आणि कशासाठी होता, हे ठरवणे तपासाचे काम आहे. तिथे मी तर्क चालवणार नाही. परंतु मला स्वतःला रकमेपेक्षा एका गोष्टीचे वाईट वाटले. त्या दिवसांत ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या कोणालाच आश्चर्य वाटले नव्हते.

मामेसासऱ्यांना विश्वास आणि कागद यांत फार फरक करण्याची सवय. त्यांचे म्हणणे, हा धडा त्यांना हापिसाने दिला नसून गावच्या खंडोबाने दिला. अणदूर आणि जवळच्या नळदुर्गातले मैलारपूर या दोन ठिकाणी खंडोबाची देवळे दोन, पण देव एक. सव्वादहा महिने तो अणदूरला असतो, पावणेदोन महिने मैलारपूरला. देव न्यायला एका गावची मंडळी दुसऱ्या गावी येतात, तेव्हा दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि मगच पालखी हलते. दोन्ही गावे भाविक, दोघांचा देव एकच. तरी कागद केल्यावाचून तो हाती देत नाहीत. यात कोणाला अविश्वासाचा वास येत नाही.

याच मुलखाने उलटा प्रकारही पाहिला आहे. निजामाच्या डोक्यावर फौजेच्या खर्चाचे कर्ज चढले म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. तहात एक कलम असे होते, की इंग्रजांनी या मुलखाच्या जमाखर्चाचा खरा हिशेब दरसाल निजामाला द्यावा आणि उरलेली शिल्लक परत करावी. सात वर्षांनी, १८६० साली, नवा तहनामा झाला. त्यात पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. मात्र इंग्रजांकडे राहिलेल्या मुलखाचा मागचा, चालू किंवा पुढचा कसलाही हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. वऱ्हाड पुढे त्याच्या हाती कधीच आले नाही. हा मजकूर मी मामेसासऱ्यांना सांगितला, तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “पन्नास लाखाला विकलं म्हणा की,” एवढेच ते बोलले.

आता माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले, २००२ साली राज्याचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे अमलात आला. या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर नागरिकाला जे विचारता येते, ते पूर्वी आमदारालाच विचारता येई. मला वाटते, त्यामुळे समितीचे काम कमी झाले नाही, उलट वाढले. नागरिकाला कागद मिळतो, सचिवाला समोर बसवून “हे असे का?” विचारण्याचा अधिकार अजूनही समितीकडेच आहे. मग तिच्या साक्षी, निदान ज्यांत गुप्त ठेवण्याजोगे काही नाही अशा साक्षी, जनतेला का ऐकू देऊ नयेत? सभागृहातला गोंधळ दूरदर्शनवर दिसतो आणि काम मात्र दाराआड होते, ही उलटी व्यवस्था मला तरी पटत नाही.

केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यानंतर मजुरांचे हजेरीपट इंटरनेटवर येऊ लागले, हे मी मामेसासऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. नातवाने मोबाईलवर शेजारच्या एका गावच्या कामाचा पट काढून दिला. संध्याकाळची वेळ होती. त्यांनी दोन्ही हातांनी मोबाईल वहीसारखा धरला आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हा अमक्याचा धाकटा. ही आपल्या शेतावर खुरपायला येते. हा तर दोन वर्षांपासून सोलापुरात आहे, सुट्टीला आला असेल. मामींनी आतून दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यांनी मोबाईल नातवाच्या हाती दिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे पान तसंच ठेव. सकाळी एस.टी.नं जाऊन विचारून येतो.”