फिरत्या घराची तक्तपोशी

घर म्हटले की आपली दृष्टी प्रथम भिंतींकडे आणि छपराकडे जाते. जमिनीचा विचार ती पायाखाली दबू लागेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. चाकांवरच्या घराबाबत तर ही उपेक्षा फार महाग पडते. आमच्या इच्छापोरमधील एका मराठी कुटुंबाने काही वर्षांपूर्वी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचे असे घर करविले. दोन बाकडी, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि मागे वृद्ध मातोश्रींना निजावयास फळी. चैत्रात सापुताऱ्याच्या घाटाने सप्तशृंग गडावर जावे, हा त्यांचा परिपाठ. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र आजींच्या बिछान्यालगतची जमीन पाऊल टेकताच खचू लागली. ‘वरून नवे व्हिनाईल अंथरा, म्हणजे झाले’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्या सल्ल्याविरुद्धच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

अशा गाडीत पोलादी सांगाड्यावर बहुधा प्लायवूड बसविलेले असते. लाकडाचे पातळ पापुद्रे उभे-आडवे चिकटवून ते तयार होते. पाणी कडेतून आत शिरले की पापुद्रे सुटतात आणि लाकूड कुजू लागते. वर व्हिनाईल असेल तर ओलीला बाहेर पडावयास वाट राहत नाही. बाकड्यांचे व बिछान्याचे बोल्ट याच लाकडातून गेलेले असतात. घाटात जोराचा ब्रेक लागला असता कुजक्या लाकडाने ते धरून ठेवावेत, ही अपेक्षा व्यर्थ होय.

म्हणून प्रथम शोध घ्यावयाचा तो पाण्याच्या वाटेचा. या गाडीत खिडकीचे रबर कडक होऊन फाटले होते आणि चाकावरील कमानीचा सांधा उघडा पडला होता. चाक खालून चिखल उडवी, खिडकी वरून पाणी सोडी. त्यात हजिऱ्याकडून येणारा खारा वारा! दोन्ही वाटा बुजविल्यावरच मिस्त्रींनी जमिनीला हात लावला. त्याआधी गॅसची टाकी उतरविली, बॅटरीची तार सोडली. पेचकसाचे टोक जेथे सहज रुतले तेथे खडूने खूण केली आणि कुजका भाग खालच्या आडव्या पोलादी पट्टीच्या मध्यापर्यंत कापून काढला, जेणेकरून नव्या व जुन्या दोन्ही तुकड्यांना आधार मिळावा. पट्टीवरचा गंज खरवडून रेड ऑक्साइड लावले.

नवे लाकूड कोणते घ्यावे? सागाचे नाव सुरतकराच्या ओठी आधी येते, आणि ते साहजिकच आहे. इथलेच लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस जाऊन जहाजे बांधू लागले. त्यांच्या वंशजांनी १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. परंतु गाडीला वजनाचा हिशेब असतो, खिशालाही असतो. आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड येथे पुरेसे. फक्त त्याच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात. त्या बसविण्यापूर्वीच इपॉक्सीने बंद कराव्यात. मिस्त्रींनी हे काम दोनदा केले. लाकूड फुगते, म्हणून तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती लवचीक मसाल्याने भरली.

पृष्ठभागासाठी घरात आवडते ते लाखेचे पॉलिश. पण लाखेवर पाणी सांडले की पांढरे डाग उठतात. ओट्याजवळ त्याचा उपयोग नाही. ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासून, धूळ ओल्या फडक्याने टिपून आणि लाकूड सुकू देऊन पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात दिले. दोन हातांमध्ये एक रात्र गेली, दारे-खिडक्या सताड उघड्या होत्या. कोणी जवसाचे तेल वापरणार असेल, तर त्याला एक गोष्ट बजावून सांगतो: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हे सारे दिवाळीनंतर, कोरड्या हवेत झाले; पावसाळ्यात लाकूड वाळतच नाही. आजींच्या आग्रहाखातर बिछान्याजवळ गुळगुळीत व्हार्निशाऐवजी किंचित खरबरीत थर दिला आहे, पाय घसरू नये म्हणून. आता पहिल्या पावसानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली एकदा पाहावयाचे, एवढेच काम उरले आहे.