कुरटे बेटाच्या तटाबाहेर

मालवणची होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे सरळ जात नाही. पाण्याखालचे खडक चुकवत, वळणं घेत जाते. १६६४ साली मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं, तेव्हा बेटाभोवतीचे हेच खडक शत्रूच्या जहाजांना आयता अडसर ठरले. बहुतेक पर्यटक किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात दर्शन घेतात, दूधबाव-साखरबाव या विहिरींत डोकावतात आणि परततात. आम्ही मित्रमंडळी मात्र तटाबाहेरचे खडक पाहायला गेलो होतो, कारण त्यांच्यावर प्रवाळ वाढतं.

होडीतच स्कूबाच्या गाईडने पाण्याखालच्या खुणा शिकवल्या. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की सगळं ठीक. अंगठा वर केला की ‘वर चला’. नवशिके आनंदाच्या भरात हमखास अंगठा दाखवतात आणि गाईड त्यांना वर आणतो. ‘तुमका काय होवचा नाय, मी आसंय,’ एवढं त्याने म्हटलं आणि आमच्यातला पोहता न येणारा मित्रही पाण्यात उतरला. थोडं खाली जाताच पाण्याचा दाब कानावर येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात. मग फक्त आपल्याच श्वासाचे बुडबुडे ऐकू येतात.

समोर काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे थव्याने फिरत होते. खडकावर पिवळट-तपकिरी गोळे होते. दगडच वाटावेत असे, पण जवळून पाहिलं तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य घरं, आणि प्रत्येक घरात एक जीव. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. समुद्र जास्त तापला की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. असे गोळे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. एका बेफिकीर पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ तुटते.

या परिसराचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. पोटावर पाय येईल ही त्यांची भीती मला रास्तच वाटते. रापणीचं जाळं ओढणाऱ्या कुटुंबांतली अनेक मुलं आज स्कूबाचे गाईड आहेत, त्यांची चूल याच प्रवाळावर पेटते. तरीही व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करला जातो, होडीचा नांगर थेट प्रवाळावर पडतो. पावाची सवय लागलेले मासे खडकावरचं शैवाल खायचं सोडतात आणि ते प्रवाळावर माजतं. याचा दोष मी एकट्या गाईडला देणार नाही. पाव मागणारं गिऱ्हाईक आपणच असतो.

सुरक्षेचंही तेच, जबाबदारी आपलीही असते. मे २०२२ मध्ये मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. लाइफ जॅकेट नसेल, होडी खच्चून भरली असेल, तर पैसे दिलेले असले तरी उतरून जावं.

मालवणला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, तेव्हा पाणी नितळ असतं. होडीत बसण्याआधी नांगर कुठे टाकणार हे विचारा. पाव नको, असं स्पष्ट सांगा. आणि खाली गेल्यावर कशालाही हात लावू नका.