टिपणीखालची सही

नागपूरची राजधानी १९५६ साली गेली. कचेऱ्या मात्र राहिल्या, आणि कारकुनापासून साहेबापर्यंतच्या उतरंडीविषयी लोकांच्या मनात रुजलेले काही समजही त्यांच्यासोबत राहिले.

गैरसमज : कचेरीतील वर्तन ज्याच्या त्याच्या स्वभावावर असते.

वस्तुस्थिती : सिव्हिल लाइन्समधील एका कचेरीत, मे महिन्यातल्या दुपारी, वाळ्याच्या कूलरसमोर बसून, खेड्यातून आलेल्या एका म्हाताऱ्याला मान वर न करता ‘साहेब नाहीत, उद्या या’ असे फर्मावणारा अव्वल कारकून, आतून घंटी वाजताच सदऱ्याची गुंडी लावीत त्याच साहेबांच्या खोलीत शिरला, तेव्हा त्याचा आवाज इतका मवाळ झाला की हा कोणी निराळाच इसम असावा असे वाटले. स्वभाव अर्ध्या मिनिटात पालटत नाही. पालटली होती ती पायरी.

गैरसमज : सह्या जितक्या अधिक, तितकी जबाबदारी पक्की.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९६१ साली आरंभिलेल्या प्रयोगांत, वरिष्ठाच्या आज्ञेवरून दुसऱ्यास विजेचे (वस्तुतः लटके) धक्के देण्याची कळ स्वतः दाबावयाची होती तेव्हा ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या अखेरच्या टोकापर्यंत गेले, परंतु कळ दुसऱ्याने दाबावी व आपण केवळ पूरक काम करावे अशी वाटणी होताच ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत टिकले. लिपिकाने ‘सादर’, त्यावरच्याने ‘सहमत’ आणि त्याहून वरच्याने नुसती आद्याक्षरी ठोकावी, या आपल्या रिवाजातही प्रत्येकजण स्वतःला मधली कडी समजतो, आणि निर्णय कोणाचाच उरत नाही.

गैरसमज : वरिष्ठाचा तोंडी हुकूम पाळला की कनिष्ठ मोकळा.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये कर्मचाऱ्याने आपल्या उत्तम निर्णयबुद्धीनेच वागावयाचे असते, वरिष्ठाच्या निदेशावरून वागणे झाल्यास तो निदेश शक्यतोवर लेखी घ्यावयाचा असतो.

गैरसमज : कागद तुंबणे हा सरकारी कारभाराचा धर्मच आहे.

वस्तुस्थिती : बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध यांसाठी महाराष्ट्राने केलेल्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणत्याही एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये, आणि हेतुपुरस्सर विलंब शिस्तभंगास पात्र ठरतो. सह्यांच्या साखळीत विरून गेलेली जबाबदारी कायदा अशा रीतीने एकाच मेजावर पुन्हा आणून ठेवतो. म्हणून त्या म्हाताऱ्याने ‘साहेब आहेत का’ असे विचारण्यापेक्षा, बारनिशीतील आवक क्रमांक व तारीख टिपून घेऊन, ‘माझा कागद आज कोणाच्या मेजावर आहे’ हे विचारणे अधिक श्रेयस्कर.